चिलटाच्या अंड्यातला आईचा निरोप

मंडळी, आज सकाळी नांदुऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर चिलटं घोंगावत होती. मुलगी येणार म्हणून आणलेली केळी. ती आली नाही.

शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, "बाई, हे सडके केळं काऊन ठेवले? फेकून द्या न!"

फेकली नाहीत. मुलगी बंगळुरूला याच चिलटांवर संशोधन करते. तिला फोन लावला आणि विचारलं, "एवढ्याशा अंड्यात डोकं कुठे, पोट कुठे, हे दरवेळी बिनचूक कसं ठरतं?"

एरवी "जेवलीस का? बरं, ठेवते" एवढंच म्हणणारी पोर वीस मिनिटं बोलली.

"आई, चिलटाची आईच अंड्याच्या एका टोकाला आरएनएच्या रूपात निरोप ठेवून देते. त्यातून बनणारं प्रथिन तिथे दाट असतं, पुढे विरळ होत जातं. किती दाट आहे, त्यावरून प्रत्येक भागाला कळतं, आपण काय व्हायचं."

"आणि नंतर ती आई?"

"नंतर तिचं काही काम नसतं गं."

मीही कधीकाळी प्राणिशास्त्र शिकलेली. उत्तर बरोबर होतं.

उद्यासाठी एखादा प्रश्न सुचवा. अवघड हवा. सोप्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं.