शेवटच्या पोळीची फौज

अन्याय झाला तो एका कुत्रीवर. गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सातच्या सुमारास, सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत. कुत्री म्हटलं की काहींना शिवी ऐकू येते. त्यांनी पुढे वाचू नये. ती काळी लॅब्रॅडोर आहे, आंधळ्या माणसाला रस्त्यानं नेण्याचं काम शिकलेली, आणि त्या सकाळी तिच्यावर ठपका आला की तिचं कामात लक्ष नाही.

ते आंधळं माणूस म्हणजे मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझे डोळे गेले. सरकारी कागदावर त्याला गोड शब्द आहेत, ते कागदावरच राहू देत. तेव्हापासून मी आमच्या हक्कांची पत्रकं लिहिते, फुटपाथवर गाड्या लावणाऱ्यांना जाब विचारते, सभा घेते. आणि स्वावलंबनावर भाषण ठोकायला बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जायचे. बाबा हॉलच्या बाहेर उभे राहायचे, भाषण संपलं की माझं डावं कोपर धरायचे आणि घरी आणायचे. इतकी वर्षं ते कोपर माझं कमी, त्यांचंच जास्त होतं.

म्हणून मी कुत्रीसाठी अर्ज केला. बाहेरगावच्या केंद्रात आम्ही दोघींनी महिनाभर सराव केला. तिथे ती एकदाही बिचकली नाही. आता पुण्यात तिची परीक्षा होती, माझ्या रोजच्या रस्त्यावर: घरापासून चौक, चौक ओलांडून पुढे माझं ऑफिस. तिला शिकवणारी ताई सोबत आली होती. कमी बोलणारी बाई. आमच्याकडे चहा प्यायची, पोहे खायची, पण कौतुक म्हणून करायची नाही.

सोमवारी चौकाच्या अलीकडेच बिनसलं. गल्लीतली सगळी भटकी कुत्री आमच्या मागे लागली. भुंकत नव्हती, नुसती चालत होती. नखांची टकटक मला स्पष्ट ऐकू येत होती. माझी कुत्री सारखी मागे वळायला लागली, तिच्या अंगावरच्या पट्ट्याचा दांडा, जो धरून मी चालते, माझ्या हातात पिळला गेला आणि माझा गुडघा कुणाच्या तरी लावलेल्या बाइकवर आपटला. मंगळवारी तेच. बुधवारी ती चक्क बसली. चौक तर आम्ही पाहिलाच नाही.

ताई म्हणाली, केंद्रात असं कधी झालं नव्हतं, पण एवढी फौज रोज मागे लागणार असेल तर ही इथे टिकायची नाही. शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर तिला परत न्यावं लागेल. दुसरं कुणीतरी वाट बघतंय.

मी संतापले. त्या संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. महानगरपालिका, भटकी कुत्री, करदाते, निर्लज्ज. पहिला परिच्छेद चांगला झणझणीत झाला होता. तो मी जेवताना वाचूनही दाखवला. आई हसली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बाबा तर नुसता भात कालवत बसले होते.

गुरुवारी पुन्हा निघालो. पुन्हा नखं. माझी कुत्री थांबली, मीही थांबले, आणि त्या थांबण्यात मागून अगदी हळू आवाज आला.

"अरे, आत्ता नाही. नंतर देतो. जा, घरी जा."

हा आवाज मी झोपेतही ओळखीन.

आमच्या घरी शेवटची पोळी कुत्र्यांची. आई ती मुद्दाम जरा जाड लाटते, आणि बाबा ती आदल्या रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांबरोबर सकाळी चहा झाला की गल्लीत वाटून येतात. ते निवृत्त झाल्यापासून यात खंड नाही. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला एवढंच माहीत आहे की हा माणूस निघाला की त्याच्या मागे निघायचं. आणि हा माणूस रोज सकाळी कानटोपी ओढून, मफलर गुंडाळून, माझ्या मागे निघत होता. डिसेंबरात पुण्यातला प्रत्येक म्हातारा तसाच दिसतो, त्यामुळे ताईला काही कळलं नव्हतं.

ताईनं मागे जाऊन बघितलं.

"अहो काका, तुम्हीच होय?"

"मी आपला फिरायला निघालोय."

"रोज आमच्याच मागे?"

"रस्ता सार्वजनिक आहे."

तिला हसू आलं, मला नाही. मी तिथेच, दूधवाल्यांच्या आणि सायकलींच्या मधे, वडिलांशी भांडले. मी सांगितलं की कुत्री निर्दोष आहे, महानगरपालिकाही या एका बाबतीत निर्दोष आहे, आणि उद्या हिला परत नेलं तर ते तुमच्यामुळे. ते म्हणाले, "चौकात तू पडलीस तर?"

"पडले तर उठेन, बाबा. पण तुम्ही मागे असाल तर मी चौकापर्यंत पोचणारच नाही."

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, की तुम्ही तिला जपताय का वरात काढताय? बाबा जेवले नाहीत नीट.

शुक्रवारी सकाळी मी पट्टा बांधत होते तेव्हा डब्याचं झाकण वाजलं. बाबांनी सगळ्या पोळ्या घेतल्या, ताज्यासुद्धा. ते माझ्या आधी बाहेर पडले, आणि दारात उभी राहून मी ऐकलं: चपला फरपटत चौकाच्या उलट दिशेला चालल्या होत्या. त्यांच्या मागे नखांची टकटक. एक, चार, सगळीच. आवाज कमी होत गेला आणि गल्ली रिकामी झाली.

मी म्हटलं, "फॉरवर्ड."

ती निघाली. उकरलेल्या फुटपाथपाशी थांबली, मला खाली उतरवलं, बाइकच्या रांगेला वळसा घालून परत वर घेतलं. चौकात एक परकं कुत्रं भुंकलं. दांड्यातून मला तिचा एक झटका जाणवला, आणि मग ती पुढे बघून चालू लागली. रिक्षा थांबली, आम्ही ओलांडलं. ऑफिसच्या पायरीशी ती उभी राहिली आणि माझ्या डाव्या कोपराला कुणीही धरलेलं नव्हतं. मला रडू आलं. आलं तर आलं.

परतल्यावर ताई म्हणाली, "ही राहते इथेच." ही तिची सगळी स्तुती.

बाबा बऱ्याच वेळानं आले. आधी स्वयंपाकघरात गेले आणि आईला हळूच विचारलं, आली का? चहा पितेय, आई म्हणाली. मग डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज, आणि एक इतका लांब सुटलेला श्वास की माझ्या पायाशी झोपलेल्या कुत्रीनं मान वर केली. मग ते बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "गल्लीच्या टोकाशी बसवलं होतं सगळ्यांना. दोन पोळ्या कमी पडल्या."

आता ते रोज तसंच जातात. मी इकडे, ते तिकडे. पत्रकाचा तो परिच्छेद मी पुसला.

तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर उद्या सकाळी ते बाहेर पडताना मागे जाऊ नका. उलट दिशेला चाला. आणि ते परत येईपर्यंत फोन करू नका.