आठे शे का?

नवा कोड समोर आला की अक्का टेबलावर बोट आपटून विचारायच्या, ‘‘आठे शे का?’’ म्हणजे, इथे आहे का?

अक्का म्हणजे धुळ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीतल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर; त्यांचा हा प्रश्न कुणालाच चुकला नाही. केळीच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. तो साध्या प्रोसेसरवर चालायचा आणि ग्राफिक्स कार्डावर भराभर. पंचाईत एकच. भाषेसोबत तयार फंक्शनं मिळतात, ती स्टँडर्ड लायब्ररी. त्यातली बरीचशी कार्डासाठी मागितली की कंपायलर, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, सरळ हात वर करायचा.

‘‘बठ्ठं शे, पन आठे नई,’’ सगळं आहे, पण इथे नाही, असं पुटपुटत अक्का ते फंक्शन कार्डासाठी स्वतः लिहून काढायच्या. वर टीप असायची: कंपायलरला आलं की हे पुसा. भिंतीवर त्यांचा तक्ता होता, प्रत्येक फंक्शनपुढे पेन्सिलीने ‘शे’ किंवा ‘नई’. नवा कंपायलर आला की त्या एकेक तपासत, ‘नई’चं ‘शे’ करत आणि आपला कोड पुसून सगळ्यांना चहा पाजत. आपल्याच हातचं पुसताना इतकं खूश होणारं माणूस तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही.

एकदा अपूर्णांक पूर्णांकात आणायची रीत मी प्रोसेसरच्या कोडात बदलली आणि कार्डासाठीच्या अक्कांच्या फंक्शनात बदलायला विसरलो. एकच पान इकडे निरोगी, तिकडे रोगी. निकाल मुक्ताईनगरच्या एका बागायतदाराला जाणार होता. अक्कांनी ऐनवेळी पकडलं.

‘‘तुनी चूक नई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन जागे लिखं का चुकसच.’’

निवृत्त होण्याआधी तक्त्यावर एकही ‘नई’ राहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. एक राहिलंच. ते तसंच सोडून अक्का निवृत्त होऊन एरंडोलला गेल्या. मला फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात नवा कंपायलर आला. ते शेवटचं फंक्शन कार्डावर मुकाट्याने चाललं. हजार फोटो दोन्हीकडे ताडून पाहिले, निकाल तेच. मग अक्कांचा कोड पुसला आणि त्यांना फोन लावला.

‘‘अक्का, तुमचं शेवटचं पुसलं.’’

‘‘चाली राहिनं ना?’’

‘‘हो.’’ मी नाक ओढलं. ‘‘पण आता इथे तुमचं काहीच उरलं नाही.’’

‘‘मंग रडस कसाले?’’ त्या हसल्या. ‘‘मी शे ना आठे.’’