साहेबांच्या माशांचं पाणी

माळीबुवांची एक सवय होती. कुठलंही पाणी झाडाला घालण्याआधी ते ओंजळीच्या कडेने एक थेंब जिभेवर घेत, क्षणभर तोंड मिटून उभे राहत आणि मग पच्चकन थुंकून निकाल देत, "ग्वाड हाय, घाला." कधी "गंज हाय, पाइप बदला." आमच्या प्रयोगशाळेत तेच सांगायला अर्धा दिवस लागायचा. मी चिडवलं की म्हणत, "भाऊसाहेब, तुमच्या बाटल्या धुवाव्या लागतात. जीभ आपली तोंडातच धुतली जाते."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी खोपोलीजवळच्या एका कारखान्यात नवा केमिस्ट होतो, अजून कायम झालो नव्हतो. माळीबुवा आमच्या कॉलनीचे माळी. पन्नाशी उलटलेली, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल. झाडांशी ते सुनांशी बोलावं तसं बोलत. एकदा तगरीला दम देताना मी ऐकलं होतं, "खातेस, पितेस, नि फुलायला सांगितलं की आजारी पडतेस व्हय गं?"

कॉलनी उभी राहिली ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीचीच होती. कारखान्याला गेली ती गेली, उरला मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या भिंतीखालचा एक तुकडा. पावसाळ्यात त्यात भात व्हायचं आणि भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. त्या वालावर वरून एक तांब्याही घालावा लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. दुपारच्या सुट्टीत माळीबुवा बांधावर बसून भाकरी खात आणि वालाकडे बघत. कोण भेटलं की एकच सांगत, "पगार कंपनीचा हाय, पन ह्यो वाल माझा हाय."

त्या दिवाळीनंतर मोठ्या साहेबांनी दिवाणखान्यात काचेची एक भलीमोठी टाकी बसवली. घरात मासे पाळणारे बरेच असतात, पण साहेबांना नळाच्या पाण्यातले मासे पसंत नव्हते. त्यांना समुद्रातले हवे होते, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. समुद्रातल्या माशांना समुद्राचंच पाणी लागतं. म्हणून दर पंधरवड्याला कंपनीची जीप दहा रिकामे डबे घेऊन अलिबागच्या बाजूला जायची आणि भरून यायची. माशांना शिळं पाणी बाधतं, असं साहेब आम्हाला फार कळवळून सांगत.

आता टाकीतून काढलेलं जुनं पाणी कुठे टाकायचं, हा विचार मात्र कोणाच्याच डोक्यात आला नाही. साहेबांनी माळीबुवांना सांगितलं, "अरे माळी, बागेला घाल. माशांची घाण आहे त्यात, खतच की."

माळीबुवांनी थेंब जिभेवर घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "सायेब, ह्यानं बाग जळंल."

"काहीतरीच. तुमच्याकडे माडाला मीठ घालतात ना?"

"माडाला घालतात, मूठभर. गुलाबाला कुनी घातलेलं मी बघितलं नाय."

पहिले दोन पंधरवडे माळीबुवांनी स्वतःच वाट काढली. बॅडमिंटनच्या अंगणातल्या फरशांच्या फटींत गवत माजायचं, ते पाणी त्यांनी तिथे ओतलं. गवत चार दिवसांत मेलं. बाईसाहेब खूश झाल्या. पण तिसऱ्या खेपेला कडेचे दोन गुलाब माना टाकून बसले आणि साहेबांचा हुकूम सुटला की यापुढे जुनं पाणी मागच्या गटारात जाईल. ते गटार भिंतीतल्या भोकातून कुठे उतरतं? माळीबुवांच्या वालात. हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्यांच्या मागच्या खिडकीतून तो वाल स्वच्छ दिसायचा.

माळीबुवांनी हात जोडून सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "पावसाळ्यात सगळं धुऊन जातं."

"भाताला पाऊस हाय सायेब. वाल हाय थंडीतला, तो पावसाची वाट बघत थांबंल का?"

मग त्यांनी एक गोष्ट सुचवली, आणि ती इतकी सोपी होती की आठवली तरी माझं डोकं फिरतं. जीप डबे घेऊन समुद्रावर रिकामीच जाते ना? मग जाताना त्याच डब्यांतून जुनं पाणी न्यावं, तिथे ओतावं आणि नवं भरून आणावं. झालं! साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, "खाऱ्या पाण्याने गाडी गंजेल."

"आन येताना काय ग्वाड येतं?" माळीबुवांनी विचारलं. त्यांनी भोळेपणाने विचारलं होतं. साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

माळीबुवा ते पाणी गटारात ओतेनात, म्हणून बंगल्यातला आचारी ओतू लागला. जानेवारीत वाल फुलावर आला आणि भिंतीलगतच्या वाफ्यांतली पानं कडांनी करपली. माळीबुवा एक झाड मुळासकट उपटून थेट प्रयोगशाळेत आले. "जिभेचं कुनी ऐकत नाय. तुमच्या बाटलीला इचारा."

मी मुळांना चिकटलेली माती पाण्यात कालवली, गाळली आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. दह्यासारखं पांढरं झालं, म्हणजे मीठच. माळीबुवांचा चेहरा उजळला. आता कागदावर येणार म्हणाले.

कागदावर काय आलं ते मला सांगायची लाज वाटते, पण सांगतो. साहेबांनी मला बोलावून घेतलं, बसायलाही सांगितलं. माझ्या कायम होण्याचा विषय आपणहून काढला. मग मी वर पाठवलेला अहवालाचा खर्डा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा नीट लिहा." मी लिहिलं: सदर पाण्यापासून पिकास अपाय संभवत नाही. खाली सही केली. कॉलनीच्या फळ्यावर तो कागद लागला आणि कोणीतरी तो माळीबुवांना वाचून दाखवला. त्यानंतर मी समोरून आलो की ते वाट बदलत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या पंधरवड्याला साहेब मुंबईला गेले होते. माळीबुवांनी जुन्या पाण्याचे दहाही डबे जीपमध्ये चढवले, तोंडांना प्लास्टिक लावून सुतळीने आवळले आणि स्वतः मागे डबे धरून बसले. ड्रायव्हर भला माणूस. त्याने नंतर सांगितलं, गाडीत एक थेंब सांडला नाही. माळीबुवा समुद्र पहिल्यांदाच बघत होते. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी एकेक डबा रिकामा केला आणि म्हणाले, "एवढा हाय रं! ह्याला धा डबं परत घ्यायला कसली आडचन?"

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. कारण काय, तर कंपनीच्या गाडीचा विनापरवानगी वापर. साहेबांच्या माशांसाठी तीच गाडी महिन्यातून दोनदा समुद्रावर जात होती, त्याला मात्र परवानगी होती!

पंधरवड्याने आचाऱ्याने गटारात डबे ओतायला घेतले आणि पाणी तुंबून बंगल्याच्या अंगणात पसरलं. साहेबांनी वॉचमनला पहार घेऊन खाली पाठवलं, आणि माळीबुवा माझं ऐकतात अशी त्यांची समजूत असल्याने मलाही बरोबर धाडलं.

भिंतीतल्या भोकात माळीबुवांनी दगड-माती ठासली होती आणि तिला पाठ लावून ते पाय पसरून बसले होते. मातीतून पाझरून पाणी त्यांच्या सदऱ्यावरून उतरत होतं. समोर अर्धा वाल जळालेला होता आणि अर्धा अजून फुलात होता. त्या अर्ध्यासाठी ते बसले होते. वॉचमनने माझ्याकडे बघितलं.

"माळीबुवा, उठा," मी म्हणालो. "पाठ चुरचुरेल. खारं पाणी आहे ते."

त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"खारं कुठं हाय, भाऊसाहेब? तुमी लिवलंय ना, वालाला काय व्हत नाय. मंग मला काय व्हतंय?"

वॉचमनने पहार जमिनीवर ठेवली. मी बंगल्यावर परत गेलो आणि साहेबांना सांगितलं की तो उठत नाही. एवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.