काचेतला भैरोबा

अकोले तालुक्यातल्या आमच्या गावात आज बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे रंगवायला काढलेत. ओल्या रंगाचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचं जर्मनीतलं ते कलादालन डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मी कामाला होतो त्या नागापूरच्या कारखान्यानं मला तिकडं प्रशिक्षणाला पाठवलं होतं. रविवारी सोबतचा शेख म्हणाला, "चल रे, चित्रं बघू, फुकट आहे." चित्रं बघत वळलो, तर काचेच्या पेटीत आमचा भैरोबा! तुटक्या कानाला आजोबांनी घातलेले तांब्याच्या तारेचे टाकेसुद्धा तसेच. मी झटकन दोन पावलं मागं सरलो.

"भूत बघितलं काय?" शेख हसला.

तो मुखवटा कॉलेजात असताना मीच, भंडारदऱ्याला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याला, मनगटी घड्याळाच्या बदल्यात दिला होता. आळ आला नानांवर, माझ्या चुलत्यांवर. भैरोबा नाचवायचा मान त्यांचा. ते पुन्हा कधी बोहाड्यात उतरले नाहीत. त्या काचेपुढेही मला भीती वाटली ती फक्त पकडलं जाण्याची. परत येऊन गप्पच राहिलो.

आज नानांना सगळं सांगून टाकलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. ते म्हणाले, "काचंत ठिवलाय व्हय? मंग तिथं त्याला नाचवतं कोन?"