हिरव्या दोऱ्याची विडी

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अकोल्यात सिगारच्या इतिहासावर बोललो. अमेरिकेतल्या बेटांवरचे लोक तंबाखूची पानं गुंडाळून ओढत, स्पेनच्या खलाशांनी ती सवय युरोपात नेली, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मागून एकजण म्हणाला, "वळताना पाह्यलं का कवा?"

पाहिलं नव्हतं. सिगार नाही तर निदान विडी वळताना पाहू म्हणून दुसऱ्या सकाळीच अकोटच्या विडी कारखान्यासाठी एसटी धरली.

खिडकीजवळ बसू नका, काळी धूळ दातांत येते. स्टँडवर पोहे झकास. चहात दूध असल्याचा हॉटेलवाल्याचा दावा मात्र मला पटला नाही.

सिगारला आतही तंबाखू, वरचं पानही तंबाखूचंच. विडीला तेंदूचं. कारखान्यात सखूबाई नावाच्या कामगार बाई ओलं पान कापत, चिमूटभर तंबाखू पसरत, वळत, नखाने तोंड दुमडून दोरा बांधत. दोरा हिरवा. बाकी सगळ्यांचा गुलाबी.

संध्याकाळी ठेकेदाराने त्यांची अख्खी टोपली बाजूला सारली. "हिरवा दोरा बजारात चालत नाई. छाट!"

छाट म्हणजे नापास माल. त्याची मजुरी नाही.

"गुलाबी दोरा तुमीच देल्ला नाई ना जी! म्या घरचा लावला."

"छाटेचं काय करता?" मी ठेकेदाराला विचारलं.

"जाळतो."

सखूबाई पुटपुटल्या, "इतकं जाळलं असतं तं अकोट कवाचं जळालं असतं."

"जाळतो" म्हणताना ठेकेदाराने माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. ते मनात घेऊनच अंजनगावमार्गे अमरावतीला गेलो. आठवडाभर व्याख्यानं होती. निघायच्या दिवशी राजापेठेत एका टपरीवर त्याच कारखान्याचं बंडल घेतलं. फोडलं तर दोरा हिरवा!

"हा दोरा चालतो का?" मी विचारलं.

टपरीवाला हसला. "धूर त तोच येते ना जी!"

परत अकोट गाठलं. सखूबाईंनी बंडल हातात घेतलं, गाठ चाचपली आणि उठून ते ठेकेदाराच्या मेजावर ठेवलं. सगळ्या बाया त्यांच्यामागे उभ्या राहिल्या.

"छाट असंल तं आमच्यासमोर मोडा."

"माह्यावर भरोसा नाई का?"

"हाये ना जी. म्हणूनच मोडा म्हणतो."

त्याने सखूबाईंची मागच्या आठवड्याची हिरवी टोपली मजुरीत धरली. मग त्या दिवसाच्या टोपल्या पुन्हा पुन्हा चाळल्या. एकही विडी छाट निघाली नाही.

अकोल्याला परतलो. सिगारवर अजून बोलतो, पण खलाशी आता लवकर आटोपतात. आणि कुणी कष्टाचा माल वाया गेला म्हणालं, की मी एवढंच विचारतो: मोडला कुणासमोर?