कार्डावरचं गंध

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. म्हणजे — तिची खोटी आवृत्ती लोकांनी माझ्याकडून शंभरदा ऐकलीय. खरी कधीच नाही. आज सांगून टाकतो.

आम्ही चेन्नईत, वेलचेरीला राहतो. मी घरूनच बिल्डरांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देतो, त्यामुळे कॉम्प्युटरला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. ते बदलायचं कधी? माझं उत्तर — नवं बाजारात आलं की. मेधाचं, म्हणजे बायकोचं — जुनं बिघडलं की. आमच्याकडे फ्रिजही याच नियमावर चाललाय. आणि माझं कार्ड काही केल्या बिघडेना! काम अडत होतं का? छे. नुसती हाव.

त्यात आयुध पूजा आली. इथे त्या दिवशी घरातल्या यच्चयावत यंत्रांना चंदन-कुंकू लागतं — स्कूटर, मिक्सर, वॉशिंग मशीनसुद्धा. बाबा गेल्यावर आई नुकतीच सोलापूरहून कायमची आमच्याकडे आली होती. भाषा येईना, करमेना. तिकडे खंडेनवमीला ती शिलाई मशीन पुजायची. इथे अख्खी बिल्डिंग पूजा करतेय म्हटल्यावर बाई हरखलीच. शेजारच्या कमलाम्मांशी खुणांनी बोलत, ताट घेऊन घरभर फिरली. माझ्या खोलीतही आली. उकाड्यापायी मी कॅबिनेटचं झाकण काढूनच ठेवायचो. कॉम्प्युटर बंद होता. तिनं आत हात घालून कार्डाच्या पत्र्यावर गंधाचं बोट टेकवलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. ‘तुझ्या पोटाचं साधन रे हे,’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी फूल काढलं आणि मशीन सुरू केलं. ठणठणीत चाललं. ऐकलंत ना? ठणठणीत. मग मी ते बंद केलं, कार्ड उपसून काढलं आणि ओरडलो, ‘आई, काय करून ठेवलंस हे! जळालं ना कार्ड!’

का केलं असं? सोपं होतं म्हणून. जुनं बिघडलं म्हटल्यावर मेधाचीही हरकत उरली नाही, थोड्याच दिवसांत नवं कार्ड आलं. आई मात्र संध्याकाळपर्यंत देवासमोर बसून होती.

बरं, तिथे तरी थांबावं? नाही. घरी कमलाम्मा किंवा आणखी कुणी जेवायला आलं की मी किस्सा रंगवायचो — आमच्या मातोश्रींनी गंध लावून कॉम्प्युटर जाळला! लोक खो खो हसायचे. आईही हसायची, पदर तोंडाला लावून. त्या दसऱ्यापासून तिनं मिक्सरचं बटण दाबलेलं नाही. चटणी खलबत्त्यात कुटते. टीव्ही लावायला मेधाची वाट बघते. आयुध पूजेला ताट कमलाम्मांच्या हाती देते आणि स्वतः दारातूनच हात जोडते. मला हे दिसत नव्हतं? दिसत होतं. रोज.

परवा काम करताना स्क्रीन काळा झाला. नवं म्हणून आणलेलं ते कार्डही आता म्हातारं झालंय. या वेळी खरंच गेलं. मी नुसता ‘अरे!’ म्हणालो. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दोन्ही हात वर करून. ‘मी हात लावला नाही रे! मेधाला विचार हवं तर.’

स्वतःच्या मुलाच्या घरात — दोन्ही हात वर करून. लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना.

जुनं कार्ड माळ्यावर होतं. विकायची छाती झाली नव्हती. घेणाऱ्यानं सांगितलं असतं की चालू आहे. काल खाली काढलं, लावून पाहिलं. चाललं. पत्र्यावर आईच्या बोटाचं गंध अजून आहे, वाळून पिवळं पडलेलं. ते पुसलं नाही.

उद्या आयुध पूजा. मेधा असेल, कमलाम्मा असतील. ज्यांच्यासमोर तिचं हसं केलं, त्यांच्यासमोरच बोलणार आहे, एकटीला गाठून नाही. कॉम्प्युटर सुरू करून सांगणार — आई, हे कधी जळालंच नव्हतं. मी खोटं बोललो.

मग ती काय म्हणायचं ते म्हणेल. मी तिथेच उभा असेन.