तेलकट बोटं

नर्स मोएलांगीच्या हाताला अख्खं सवाई बेट टरकून असायचं. गोवराची साथ आली तेव्हा लस राहिलेल्या घरांनी, नर्सला कळावं म्हणून, फाटकाला लाल फडकं बांधायचं ठरलं. तिच्या भाच्यानं, लाफाएलेनं, बायकोनं बांधलेलं फडकं कोयत्यानं उडवलं.

"नुसतं घामोळं आहे! आईनं तेल चोळलंय!" दारात कोयता परजत तो ओरडला.

मोएलांगीनं त्याचं थोबाड फोडलं, कोयता हिसकावला आणि आत शिरली. त्याच्या पोरीच्या कानामागून निघालेलं पुरळ छातीवर उतरलं होतं. गालांच्या आत पांढरे कण होते.

"घामोळं तोंडात उगवतं का रे, मुडद्या?" मग ती त्याच्या म्हाताऱ्या आईकडे वळली. "वहिनी, ही तापानं फणफणत शेजारी पडलेली असताना उपचाराला आलेली गावातली आणखी किती पोरं चोळलीस?"

म्हातारी तेलकट बोटांवर मोजू लागली. दोन्ही हात पुरले नाहीत.